चार टोपणांची गाडी

माझ्या गाडीत चार बटणं अशी आहेत की दाबली तर काहीच होत नाही. ही गोष्ट आज अख्ख्या श्रीगंध रेसिडेन्सीला माहीत आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण मध्ये असेही दिवस होते की ती लपवण्यासाठी मी जेवढी धडपड केली, तेवढी नोकरी टिकवण्यासाठीसुद्धा कधी केली नाही.

गाडी घ्यायची ठरली ती ममतासाठी. ममता म्हणजे माझी बायको. अभनपूरच्या शाळेत गणित शिकवते. रोज रायपूरहून बसनं जायचं, बसनं यायचं, जागा नाही मिळाली तर उभ्यानं. तिचा गुडघा सुजला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मॅडम, या तो बस छोड़िए, या स्कूल." ममता शाळा सोडणाऱ्यांतली नाही. पेट्रोलची गाडी रोज अभनपूरला धाडणं आमच्या पगारात बसत नव्हतं, म्हणून इलेक्ट्रिक घ्यायची. रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावायची, सकाळी भरलेली मिळेल, जाऊन यायचं. इतकं सरळ काम होतं. त्यात माझी इभ्रत कुठून घुसली तेच सांगून राहिलो.

शोरूममध्ये अनुश्री नावाची मुलगी होती. आडनावावरून मराठी निघाली म्हणून मी मराठीत बोलत गेलो, ती हिंदीत उत्तरं देत गेली, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. रायपुरात असंच चालतं. तिनं शेजारी शेजारी उभ्या दोन गाड्या दाखवल्या. एक मिहिर लाइट, दुसरी मिहिर सिग्नेचर. लांबून पाहिलं तर जुळ्या बहिणी.

"फरक काय आहे यांच्यात?" मी विचारलं.

"बॉडी तो सेम है सर. बस फीचर्स का फ़र्क है."

हे 'बस फीचर्स' काय ते मी अर्धा दिवस समजून घेतलं आणि गाड्या बनवणाऱ्यांच्या डोक्याला मानलं. स्वस्त गाडी ते वेगळी बनवतच नाहीत. एकच गाडी बनवतात, आणि मग कमी पैसे देणाऱ्याच्या गाडीतून एकेक वस्तू काढून घेत जातात. सिग्नेचरला छत काचेचं, लाइटला पत्र्याचं. सिग्नेचरच्या तोंडावर या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत उजेडाची पट्टी. लाइटलाही पट्टी आहे, उजेड नाही. तिला अलॉयची चाकं, हिला लोखंडाची, वरून प्लास्टिकची झाकणं. तिला रंगच रंग, हिला फक्त दोन, एक पांढरा आणि दुसराही जवळजवळ पांढराच. हिची बॅटरी लहान, चार्जिंग धिमं. तिच्यासोबत भिंतीत बसवायचा जंगी चार्जर येतो, हिच्यासोबत एक केबल, जी गिझर लावतात तसल्या सॉकेटमध्ये खुपसायची. सिग्नेचर दार उघडल्यावर गोड आवाजात 'वेलकम' म्हणते. लाइट पट्टा लावला नाही तर ओरडते, बाकी तिचं काही म्हणणं नसतं.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे ती बटणं. स्टिअरिंगच्या उजव्या हाताला, खाली, सिग्नेचरमध्ये चार बटणं आहेत. लाइटमध्ये त्याच चार जागी चार काळी टोपणं. बटणाच्याच आकाराची, वर काही लिहिलेलं नाही.

"इथं सपाटच काहून नाही ठेवलं?" मी अनुश्रीला विचारलं.

"सर, साँचा एक ही होता है ना. लाइट के लिए अलग बनाएँगे तो महँगा पड़ेगा."

म्हणजे माझ्या गाडीत काय काय नाही हे मला रोज दाखवत राहणं कंपनीला स्वस्त पडत होतं. मी तिथल्या खुर्चीत बसून थोडं पाणी प्यायलो.

ममताला असल्या वेदना नव्हत्या. तिनं अनुश्रीला दोनच प्रश्न विचारले. "लाइट अभनपूरला जाते?" "जी मॅम." "परत येते?" "जी मॅम." मग ममता माझ्याकडे वळून म्हणाली, "हीच घ्या." आणि पर्स बंद केली.

गाडी आली त्या दिवशी खाली पूजा झाली. चौथ्या मजल्यावरच्या कलावती आजींनी औक्षण केलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, पेढे वाटले. आता आमच्या विदर्भाकडच्या मंडळींत एक पद्धत आहे. पूजा झाल्यावर हजर असलेल्या प्रत्येकानं नव्या गाडीत एकदा बसायचं, आणि बसल्यावर दिसेल ते बटण दाबून पाहायचं. याला पद्धत असं कोणी म्हणत नाही, पण जो दाबत नाही त्याची तब्येत बरी नसावी असं समजतात. सगळ्यांत आधी आत शिरला तो संग्राम. हा पहिल्या मजल्यावर राहतो, भनपुरीला त्याचे ट्रक आहेत, आणि त्यानं नुकतीच मिहिरच घेतली होती. अर्थात सिग्नेचर.

त्यानं नेमकं टोपणावर बोट ठेवलं आणि दाबलं. मग अंगठ्यानं दाबलं.

"हे काहून दबून नाही राहिलं, नरेश भैया?"

"ते अपडेट आलं की सुरू होते," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

"चारही?"

"चारही."

तो उतरला, मान वर करून छताचा पत्रा पाहिला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं समजूतदारपणे म्हणाला, "लाइट घेतली म्हणा ना. चालते. भाभीलेच तर चालवायची आहे."

या शेवटच्या वाक्यात शिवी एकही नाही, पण मी तो पेढा गिळू शकलो नाही. ममता तिकडे कलावती आजींना शेजारच्या सीटवर बसवून हवा सुरू करून दाखवत होती. तिनं ऐकलं होतं. तिला काहीच वाटलं नव्हतं, याचाही मला राग आला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी बंडूजवळ मन मोकळं केलं. बंडू माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, मूळचा गोंदियाचा, आणि त्याच्याकडे जगातल्या प्रत्येक अडचणीवर एका दुकानाचा पत्ता असतो. "एवढंच ना? कायले जीव जाळून राहिला?" तो म्हणाला. "पंडरीले जा. कापड मार्केटच्या मागं सीट कव्हरवाले बसतात. आतून लाइट राहू दे, बाहेरून सिग्नेचर करून देतात. लोकं आत कितीदा बसतात?"

रविवारी मी ममताला 'सीट कव्हर टाकून आणतो' असं सांगून पंडरी गाठली. सीट कव्हरवाल्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, "सिग्नेचर बना दें, साहब?" त्याच्याकडे अशी गिऱ्हाइकं रोज येत असावीत. त्यानं पत्र्याच्या छतावर काळी चकचकीत फिल्म चढवली, लांबून काचच वाटावी अशी. समोरच्या पट्टीत दिव्यांची माळ बसवली. चाकांवर अलॉयसारखी दिसणारी झाकणं ठोकली. आणि शेवटी मागच्या दारावर 'सिग्नेचर' असा चांदीच्या रंगाचा बिल्ला दाबून बसवला. "लाइफटाइम गारंटी है," तो म्हणाला. "गाड़ी चली जाएगी, ये नहीं जाएगा." त्या क्षणी मला ते फार आवडलं.

घरी आल्यावर ममता खाली आली, गाडीला प्रदक्षिणा घातली, आणि विचारलं, "आता ही अभनपूरला लवकर जाते का?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि वर गेली. आमची पोट्टी ओवी कॉलेजात आहे. तिनं बिल्ल्याचा फोटो काढला आणि 'पापा, ये क्या है' एवढंच म्हटलं.

पण माझं काम झालं होतं. संग्राम संध्याकाळी गाडीजवळून गेला, थांबला, मागे आला. चौकीदारानं मला पहिल्यांदाच उठून सलाम केला. सलाम मिळायला लागला की माणूस कसा चालायला लागतो ते मला त्या आठवड्यात कळलं. ममताही खूश होती, पण तिची खुशी वेगळ्या कारणाची होती. ती रोज बसून शाळेत जात होती, बसून परत येत होती, आणि गुडघ्याची सूज उतरली होती.

मग एका संध्याकाळी संग्रामनं आपला भिंतीवरचा जंगी चार्जर सुरू केला. त्याच वेळी पाण्याचा पंप चालू होता, घरोघरी कूलर चालू होते, आणि कलावती आजी भाजीची पिशवी घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या होत्या. सोसायटीचा मेन फ्यूज उडाला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध लटकली. आजी घाबरल्या नाहीत. आतून त्यांचा आवाज आला, "सावकाश काढा, मी मटार सोलून राहिली." लिफ्ट निघेपर्यंत त्यांनी सगळे मटार सोलून टाकले होते. पण बाहेर आल्यावर त्यांनी जाहीर केलं की ज्याची गाडी असेल त्यानं आता त्यांना रोज चार मजले पाठीवर न्यावं.

प्रकरण शामरावांकडे गेलं. शामराव आमचे सेक्रेटरी. रेल्वेतून रिटायर झालेले, डबे तपासायच्या खात्यातून. गाडी स्टेशनात उभी राहिली की हातात लहान हातोडी घेऊन प्रत्येक चाकावर टण्ण करून मारत जायचं आणि आवाजावरून कुठलं चाक धड, कुठल्याला तडा, ते सांगायचं, यात त्यांची हयात गेली. ती हातोडी त्यांनी घरी आणलेली आहे. सोसायटीची पाण्याची टाकी, गॅसचे सिलिंडर, उन्हाळ्यात टरबुजं, सगळं ते ठोकून पाहतात. माणसांना ठोकत नाहीत एवढंच.

दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी नोटीस लागली. सिग्नेचर गाड्यांचं चार्जिंग बंद, विजेचा लोड वाढून येईपर्यंत. खाली दोन फ्लॅट लिहिले होते. एक संग्रामचा, एक माझा.

मी धावत शामरावांकडे गेलो. "काका, माझी सिग्नेचर नाही. माझी लाइट आहे. साध्या सॉकेटवर चार्ज होते, गिझरसारखी."

"गाडीवर काय लिहून आहे?"

"सिग्नेचर."

"मंग?"

"ते मी लावून आणलं."

"काहून?"

मी गाडीचे कागद पुढे केले. शामरावांनी ते न पाहताच परत दिले. "नरेश, कागदावर फिट असलेले डबे म्या रोज पाहिले. कागदावर फिट आणि चाकाले तडा. कागद नको दाखवू. लोड वाढवून आण, नाही तर पुढच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये पाहू."

लोड वाढवायला विजेच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूंनी आपुलकीनं विचारलं, "कौन सी गाड़ी है?" मी म्हटलं, लाइट. "फिर लोड बढ़ाने की ज़रूरत ही नहीं है. आवेदन वापस ले जाइए." मी म्हटलं, गरज नाही एवढंच लिहून द्या. त्यांनी बराच विचार केला. "ज़रूरत हो तो उसका फ़ॉर्म है. ज़रूरत न हो, उसका कोई फ़ॉर्म नहीं है." मी विचारलं, साध्या कागदावर? ते म्हणाले, साध्या कागदावर आम्ही कधीच काही लिहीत नाही, आणि ते त्यांच्याकडे पाहून खरंही वाटत होतं.

मग मी बिल्ला काढायला बसलो. स्वयंपाकघरातली सुरी वाकली, माझं नख तुटलं, बिल्ला जागचा हलला नाही. लाइफटाइम म्हणजे काय ते समजलं. गाडी चार्ज करायला मी भनपुरीच्या चार्जिंग स्टेशनवर गेलो, तर तिथं लोडिंगच्या रिक्षांची रांग. माझा नंबर येईपर्यंत ऑफिसची वेळ निघून जायची. असं रोज जमणारं नव्हतं. ममता पुन्हा बसनं जायला लागली.

ती मला एका शब्दानं बोलली नाही. संध्याकाळी यायची, पाय स्टुलावर ठेवायची, गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरायची आणि वह्या तपासायची. आमच्या खिडकीतून खाली गाडी दिसायची, काळं छत, चांदीचा बिल्ला, सगळं चकाचक. माझी मला इतकी लाज वाटली की मी खिडकीचा पडदा ओढून घेतला. एक दिवस ती एवढंच म्हणाली, "मीटिंगमध्ये नाही झालं तर गाडी विकून टाकू. उभी ठेवून काय करायची?" मी म्हटलं, होईल. कसं होईल ते मला माहीत नव्हतं.

मीटिंग पार्किंगमध्येच भरली, सगळे खुर्च्या घेऊन खाली आलेले. सगळ्यांत आधी संग्राम उभा राहिला. "मले बंद असेल तर नरेश भैयालेही बंद. पूजेच्या दिवशी लाइट असेल, आता त्याची गाडी माझ्यासारखीच आहे. पाहा ना, लिहूनच आहे." मला सांगायला दुःख होतं, पण माझ्या गाडीला कोणी संग्रामच्या गाडीसारखी म्हणावं म्हणून मी एवढा झटलो होतो, आणि ते वाक्य ऐकायला मिळालं ते या वेळेला.

मी उठलो. "माझी गाडी लाइट आहे," मी म्हणालो. कोणी मागून म्हणालं, जोरानं बोला. "सगळ्यांत स्वस्तातली. तिच्यात काही म्हणजे काही नाही. शामराव काका, तुम्हीच तपासा."

शामरावांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी आधी पाहिलं नव्हतं. ते वर गेले आणि हातोडी घेऊन आले. पुढच्या चाकाशी वाकले, ठोकलं. बद्द आवाज झाला. "प्लास्टिक," ते म्हणाले. ओवीनं पुढे होऊन झाकण ओढून काढलं. आत लोखंडी चाक. पुन्हा ठोकलं. टण्ण.

"लोखंड," शामराव म्हणाले. "लाइट."

ते उठून छताकडे गेले. "काच असली तर फुटेल हो," कलावती आजी म्हणाल्या. ममता म्हणाली, "मारा काका." हातोडी पडली आणि पत्रा असा वाजला की कबुतरं उडाली. शामरावांनी नखानं फिल्मचा कोपरा उचलला आणि सर्रकन सोलली. खाली आमचं पांढरं छत. समोरची दिव्यांची माळ लावून दाखव म्हणाले, लावली, ती एका बाजूनं पेटली आणि विझली. लोक हसायला लागले. मला वाटलं होतं जमिनीत जावंसं वाटेल, पण तसं काही झालं नाही. एकेक गोष्ट निघत गेली तसतसं मला हलकं वाटायला लागलं.

मग शामराव आत बसले. खिडक्या उघड्या होत्या. त्यांनी पहिल्या टोपणावर बोट ठेवलं. "हे काय काम करते?"

संग्राम माझ्याकडे पाहत होता.

"काही नाही," मी म्हणालो.

"आणि हे?"

"काही नाही."

"हे तिसरं?"

आता मागून दोघीतिघी माझ्यासोबत म्हणाल्या, "काही नाही."

चौथ्याला त्यांना विचारायची गरजच पडली नाही. अख्ख्या सोसायटीनं उत्तर दिलं, आणि त्यात कलावती आजींचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"आता चालवून पाहू," शामराव उतरत म्हणाले. पंप लावला. ज्यांच्याकडे कूलर होते त्यांनी वर जाऊन सुरू केले. ममतानं गाडीची केबल आणली, चौकीदाराच्या खोलीतल्या सॉकेटमध्ये खुपसली, आणि गाडीचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. "आता लिफ्टमध्ये कोण बसते?" शामरावांनी विचारलं. आजी म्हणाल्या, मी तर नाही. मग सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली.

मी लिफ्टमध्ये शिरलो. दार बंद होताना ममता दिसली. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती, दुखरा पाय जरा उचललेला. लिफ्ट निघाली. पहिला मजला गेला. आजी अडकल्या होत्या त्या जागी आलो तेव्हा मी छतातल्या दिव्याकडे पाहत देवाला म्हटलं, माझी इभ्रत गेली तर जाऊ दे, ही थांबू देऊ नको. ती थांबली नाही. चौथ्या मजल्यावर दार उघडलं, समोर कोणी नव्हतं, तरी मी हात हलवला. खाली आलो, दार उघडलं, आणि टाळ्या सुरू झाल्या. ममता हसत होती. तिला इतकं हसताना मी किती तरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

शामरावांनी खिशातून खडू काढला. रेल्वेत तपासलेल्या डब्यावर खूण करायचे, तो खडू ते अजून बाळगतात. माझ्या गाडीच्या दारावर त्यांनी ठसठशीत लिहिलं, 'लाइट. फिट.' आणि खाली सही केली.

ठराव तिथंच पास झाला. साध्या सॉकेटवर चालणाऱ्या गाड्यांना पार्किंगमध्ये परवानगी, ज्याला पाहिजे त्याला सॉकेट. त्या महिन्यात आमच्या सोसायटीतून इतके लोक अनुश्रीकडे गेले की तिनं मला फोन करून विचारलं, "सर, आपने क्या बताया इनको? सब आते ही बोलते हैं, वो चार ढक्कन वाली दिखाओ." कलावती आजी आता दर गुरुवारी ममतासोबत अभनपूरला जातात, तिथं त्यांची बहीण असते. बाजूच्या सीटवर बसतात आणि वाटेत भाजी निवडतात.

संग्राम चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी दारात उभा. "नरेश भैया, माझ्या गाडीसोबत तो मोठा चार्जरच आला, साधी केबल आलीच नाही. तुमची भेटेल का? भाभीची गाडी भरली की." मी त्याला आत बसवलं, चहा पाजला, आणि केबल दिली. आता त्याची सिग्नेचर माझ्या लाइटच्या केबलवर चार्ज होते, आणि दार उघडलं की मला 'वेलकम' म्हणते.

बिल्ला ममतानं काढला. ओवीचा केस वाळवायचा ड्रायर घेतला, गरम हवा मारली, आणि तो साय निघावी तसा हातात आला. मला फेकवेना. गाडी रोज ममता नेते. मी आपल्या जुन्या स्कूटरवर ऑफिसला जातो. तिनं तो बिल्ला त्या स्कूटरच्या मागे चिकटवून दिला.

सोमवारी ऑफिसात पोचलो. स्कूटर लावत होतो तर नवा गार्ड मागून आला, वाकून बिल्ला वाचला, मग स्कूटर वरपासून खालपर्यंत पाहिली. "साहब, ये इसका टॉप मॉडल है क्या?"

"हव," मी मान डोलावून म्हणालो आणि स्कूटर स्टँडवर लावली.